चाळीस दिवसांसाठी संघ

तूरीआत्या,
लॅपटॉप स्वयंपाकघरात ठेवलाय, खिडकीपाशी,
क्लाक्सविकच्या या घरात वायफाय तिथेच धड येतं.
पासवर्ड म्हणजे तुझ्या काळ्या मेंढीचं नाव
आणि तिला पाय फुटलेत असं तू म्हणालीस ते साल.
बोट पहाटे चारला सुटते. बॅरेंट्स समुद्रात
मला कॉड सापडेल, नेटवर्क नाही.
चाळीस दिवस संघ तुझा.

मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठला शर्यत.
गाडी तू चालवायची नाहीस, हे आधी डोक्यात घे.
इथे कुणीच चालवत नाही.
आपण आधी ठरवायचं, मग बघत बसायचं,
काका बाहेर असताना
तू धक्क्यावर बसायचीस तसं.

पहिल्या आठवड्यात काही विकत घेऊ नकोस.
नवं इंजिन डोळे मिचकावेल. मिचकावू दे.
सोमवारी पगार कापले जातात, न विचारता.
मी पहिल्या मोसमात सगळी पुंजी
एका चकचकीत पंखावर उधळली.
तिसऱ्या शर्यतीला तेलही गेलं, टायरही गेले,
हाती धुपाटणं.
आणि ते धुपाटणं निळ्या रंगाचं होतं, फार देखणं.

मऊ टायर सुसाट पळतात आणि लवकर रडतात.
कडक टायर उशिरा तापतात, पण तापले की टिकतात.
(तुला कोण आठवलं ते मला माहीत आहे.)

पेट्रोल दोन लिटर जास्तच घाल.
स्वेटर विणून लोकर उरली तर काही बिघडत नाही,
बाही अपुरी राहिली तर गावभर होतं.

पावसाचं मात्र तुझ्या गुडघ्याला विचारू नकोस.
तिथला पाऊस आकड्यांचा आहे,
गुडघ्याला तो कळायचा नाही.
तीस टक्के लिहिलं असेल
तर सत्तर टक्के कोरडं आहे असं मी समजायचो.
चार वेळा भिजल्यावर समजणं सोडलं.

चालक दोन. नावं यंत्रानं जुळवलेली, हसू नकोस.
किरिल ओकाफोर, वय एकोणीस. याला रोज सराव दे,
कौतुक कमी दे.
बेनितो हॉल्म, वय छत्तीस.
त्याचे आकडे दर मोसमाला उतरतात,
ओहोटी लागल्यासारखे.
सगळे लिहितील, विका त्याला, अजून चार पैसे येतील.
विकू नकोस.

बाबांना पुरलं त्या आठवड्यात
मी संघाकडे फिरकलोच नव्हतो.
ना टायर सांगितले, ना पेट्रोल, ना काही.
परत आलो तर बेनितो सातवा आलेला.
सूचना नसल्या की यंत्र स्वतःच काहीतरी भरतं,
ठाऊक आहे मला.
तरीही.

आणि पराग्वेत अनिबाल म्हणून एक दंतवैद्य आहे.
आपल्याच गटात, आपल्या एक पायरी वर.
तिथे दुपार असते तेव्हा,
दोन रुग्णांच्या मधे तो शर्यत बघतो.
दर वेळी आधी शुभेच्छा धाडतो. त्याला उत्तर दे,
दोन शब्द पुरेत. मग खुशाल हरव त्याला.
मी समुद्रावर असलो की तो बोटीची चौकशी करतो.
आपल्या गल्लीतसुद्धा
तुझ्याशिवाय कुणी करत नाही.

जिंकायची घाई नको. खालच्या गटात घसरलो नाही
म्हणजे झालं. नववा नंबर फार आहे.
एखाद्या रात्री सगळं चुकेल, किरिल भिंतीवर आदळेल,
तेव्हा झाकण बंद कर, कॉफी घे, झोप.
सकाळी गाडी दुरुस्त झालेली असते.
एवढं एक तिथे बरं आहे.

राहिलंच एक.
बेनितोचा करार एक्केचाळिसाव्या दिवशी संपतो.
तोवर मी घरी असेन. पण समज,
वारा फिरला, बोटीला उशीर झाला,
तर उजवीकडे वर हिरवं बटण आहे.
विचार करत बसू नकोस.
दाब.